आबांचं तोंड आणि बावीसचं ॲव्हरेज

गाडी काय, कुणीही चालवतं. गाडीतून ॲव्हरेज काढायला मात्र अंगात काहीतरी असावं लागतं, आणि ते माझ्या अंगात आहे असं मी गेल्या मे महिन्यापर्यंत शिरूरभर सांगत फिरायचो. एसी पेट्रोल खातो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण काचा उघड्या ठेवल्या की वारा आत घुसून गाडीला मागं ओढतो आणि पेट्रोल तिथंही जातं, हे ओळखून वागणारा मी एकटाच. म्हणून माझ्या गाडीत एसीही बंद आणि काचाही बंद. माझी बायको वैष्णवी त्याला भट्टी म्हणते. मी त्याला शिस्त म्हणायचो.

या शिस्तीपायी आपण सासऱ्याचा जीव घेतला, असं मला एका दुपारी वाटलं. 

झालं असं, की माझे साडू स्वराजराव यांनी दौंडला बंगला बांधला आणि वास्तुशांतीचं निमंत्रण द्यायला फोन केला. निमंत्रण एका वाक्यात उरकलं आणि गडी गाडीवर आला.

"विक्रमराव, एसी लावून या बरं का. घामाघूम होऊन पूजेला बसू नका. माझी गाडी एसी लावून अठरा देते."

"माझी बावीस देते," मी म्हणालो.

"बावीस? ढकलत आणता का?"

आता साडू म्हटल्यावर मागं हटायचं नसतं. तिथल्या तिथं पैज लागली. माझ्या गाडीनं शिरूर ते दौंड बावीस दिलं, तर वास्तुशांतीच्या पंगतीत स्वराजरावांनी वाढायचं. नाही दिलं, तर मी वाढायचं. ऐकायला ही पैज किरकोळ वाटेल. पण आमच्याकडं जावयाला पंगतीत पहिला पाट, वर आग्रह करणारी चार माणसं. आमटीची बादली नाहीतर मिठाची वाटी हातात घेऊन "मीठ पायजे का मीठ" म्हणत फिरणारा जावई आमच्या सासरच्या सात पिढ्यांनी बघितलेला नाही. एकदा फिरला की तो मरेपर्यंत वाढपी जावई.

पंच म्हणून आमचे सासरे आनंदराव, म्हणजे आबा. ते कवठे येमाईहून आमच्याकडं शिरूरला येणार, माझ्या गाडीत बसणार आणि स्वराजरावांच्या दारात गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा वाचून चारचौघांत सांगणार.

आबांची मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांचा फोन आला की मी उभा राहून बोलतो. वाघासारखा माणूस. त्यांना घाबरवून सोडणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे त्यांची थोरली लेक, माझी बायको. आबांचं तंबाखूचं व्यसन जाता जाईना, तेव्हा तिनं त्यांना धरून यमाईच्या देवळात नेलं, हातात नारळ दिला आणि शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून घरात चुन्याची डबी दिसलेली नाही. "माझ्या आबांनी करून दाखवलं," असं ती सगळ्यांना सांगते.

तर आम्ही निघालो. मी, शेजारी वैष्णवी, मागं आबा. ऊन असं, की डांबर चमकत होतं. मी अंगात पांढराशुभ्र शर्ट घातलेला, आबांनीच दिवाळीला घेतलेला. एक्सलेटरवर पाय असा ठेवला होता, जणू खाली अंडं आहे. न्हावरा मागं पडलं आणि स्क्रीनवर आकडा आला एकवीस पॉइंट नऊ.

"विक्रमराव," मागून आवाज आला, "ती काच जरा खाली घ्या की. जीव घाबरा व्हतोय."

 आबांना नाही म्हणायचं म्हणजे काय खेळ आहे? पण काच उघडली की बावीस गेलं.

"आबा, दोन्ही बाजूला ऊस आहे," मी म्हणालो.

"मंग?"

"बिबट्या."

"भर दुपारी? पळत्या गाडीत?" वैष्णवीनं विचारलं.

"आता त्यांना काळवेळ राहिलेला नाही," मी म्हणालो आणि माझ्याकडच्या बटणानं सगळ्या काचा लॉक करून टाकल्या. आबा फेट्याच्या शेवानं मान पुसत बसले.

मांडवगण फराट्याला आल्यावर आबा म्हणाले, "हितं थांबा जरा. आमचा हौसराव हाय, त्याला भेटून येतो." हौसराव म्हणजे आबांचे जुने दोस्त. ते रस्त्याकडंला टपरीच्या सावलीत बसले होते. आबा गेले, आणि मी गाडीतून जे बघितलं त्यानं मला भरून आलं. दोघं म्हातारे पाठमोरे उभे होते. हौसरावांनी आबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तळव्यावरून अंगठा फिरवत राहिले. काय ती माया. मग आबांनी हळूच हात तोंडाकडं नेला.

"डोळे पुसतायत बहुतेक," मी वैष्णवीला म्हणालो.

"या वयात माणूस हळवा होतो," ती म्हणाली.

आबा परत येऊन बसले. मी म्हणालो, "झाली का भेट?" त्यांनी नुसती मान हलवली. तोंडातून चकार शब्द नाही.  गाडी निघाली, आकडा बावीसवर आला. त्या क्षणी शिरूर तालुक्यात माझ्याइतका सुखी माणूस नसेल.

ते सुख पार भीमेच्या पुलापर्यंत टिकलं. पुलाच्या अलीकडं मागून काचेवर टकटक झाली. मी आरशात बघितलं. आबांचा चेहरा लालभडक झाला होता. डोळ्यांतून पाणी, कपाळावरून घाम. आणि ओठ एका बाजूला फुगून वाकडा झालेला.

मी रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिथं आम्हाला सेफ्टीचं ट्रेनिंग देतात. चेहरा वाकडा झाला, बोलता येईना, हात उचलेना, की मेंदूचा झटका समजायचा आणि मिनिटभरही वाया घालवायचं नाही. 

"आबा," मी म्हणालो, "काही होतंय का?"

"म्म्म," आबा म्हणाले.

"आबा, तुमचं नाव सांगा बरं."

"म्म्म्म."

"अहो, त्यांचं नाव काय विचारताय?" वैष्णवी मागं वळली आणि किंचाळली. "आबा! अहो, आबांचं तोंड बघा!"

"आबा, जरा हसून दाखवा," मी म्हणालो. तोवर माझा आवाज रडका झाला होता.

हसायचं राहिलं बाजूला, आबांनी माझ्याकडं असं बघितलं की एरवी मी गाडीतून उडी मारली असती. मग त्यांनी हात उचलून बोटानं काचेबाहेर दाखवलं. बाहेर नुसतं आभाळ होतं.

"वर दाखवतायत," मी पुटपुटलो.

"गप बसा हो!" वैष्णवी रडायला लागली. "तुमच्या त्या मेल्या ॲव्हरेजपायी माझ्या बापाला उकडून मारलं तुम्ही!"

ते ऐकलं आणि माझी बोबडीच वळली. खरंच की. दहाव्याला भावकी जमणार आणि म्हणणार, ह्यो बघा विक्रम, यानं पेट्रोल वाचवायला सासरा घालवला. पोलीस विचारणार, काचा लॉक कुणी केल्या. लॉकच्या बटणावर माझ्याच बोटाचे ठसे. देवा, मनातल्या मनात म्हणालो, बावीस नको, अठरा नको, पंगतीत वाढीन, खरकटंही काढीन, पण या माणसाला वाचव.

आणि एसीचं बटण दाबलं. फुल्ल. एक्सलेटरखालचं अंडं फुटलं, गाडीनं किंकाळी फोडली. आबा काच बडवत होते. "काही होत नाही आबा, आता गार हवा येईल, काच उघडली तर गार हवा जाईल," मी ओरडून सांगत होतो. आबांनी एकदा मोठा आवंढा गिळला, त्यांना जोराची उचकी लागली आणि डोळे पांढरे झाले. नाकासमोर दोन्ही हात जोडून ते माझ्याकडं बघत होते. शेवटचा नमस्कार करतायत असं वाटून मी ढसाढसा रडलो. रडत रडत ट्रॅक्टर ओव्हरटेक केले.

दौंडात शिरल्यावर जो पहिला दवाखाना दिसला, त्याच्या दारात गाडी लावली. वैष्णवी अपेक्षाला, म्हणजे स्वराजरावांच्या बायकोला, फोन करायला बाहेर थांबली. मी आबांना जवळजवळ उचलून डॉक्टरांसमोर नेलं. आबा दाराकडं ओढ घेत होते. मी मिठी मारून धरलं होतं.

"डॉक्टर, झटका आलाय. वाचवा."

डॉक्टरांनी बॅटरी घेतली. "आजोबा, आ करा."

आबांनी जोरात मान हलवली.

"तोंड उघडा. तुम्ही समोरून धरा हो त्यांना."

मी समोरून धरलं. डॉक्टरांनी दोन बोटांनी आबांचे गाल दाबले आणि धरण फुटलं. मांडवगणपासून साठलेली पिंक होती ती. सगळीच्या सगळी माझ्या पांढऱ्या शर्टावर आली, थोडी चष्म्यावर.

 मग आबांनी छाती भरून श्वास घेतला.

"काच उघड म्हनत व्हतो, भाड्या," ते म्हणाले. मला आबांनी अरेतुरे केलेलं ते पहिलंच.

मी त्यांचे पाय धरले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. आबा बोलत होते, शिव्या देत होते, जिवंत होते. डॉक्टर म्हणाले, झटकाबिटका काही नाही, तंबाखूचा रस गिळल्यानं चक्कर आली, पाणी द्या.

पाणी पिऊन आबा सावरले आणि त्यांची नजर दाराकडं गेली. वाघाचा चेहरा क्षणात उतरला. माझा हात धरून ते हळू आवाजात म्हणाले, "विक्रमराव, यमाईची शपथ हाय तुम्हाला. पोरीला कळता कामा न्हाई. हौसरावानं लईच आग्रह केला म्हनून. ती लई मनाला लावून घेईल."

"नाही सांगत आबा. काय वाट्टेल ते झालं तरी नाही सांगत."

तेवढ्यात वैष्णवी आत आली. बाप उठून बसलेला बघून ती त्यांच्या गळ्यात पडली आणि मनसोक्त रडली. मग तिनं नाक ओढलं. पुन्हा एकदा ओढलं. हळूहळू माझ्याकडं वळली. माझा शर्ट बघितला, जवळ येऊन वास घेतला.

"तंबाखू?"

मी आबांकडं बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. आबांनी डोळे मिटून घेतले, मग एक लांब सुस्कारा सोडला.

"मला सांगायचं नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "पन जावईबापू तंबाखू खात्यात. त्या वासानंच मला गाडीत गरगरलं बघ."

डॉक्टर बॅटरी चालू-बंद करत खिडकीबाहेर बघत राहिले.

स्वराजरावांच्या दारात आबांनी स्क्रीनवरचा आकडा चारचौघांत वाचला. अकरा पॉइंट चार. मी स्वराजरावांचाच जुना टी-शर्ट घालून आमटी वाढली. त्यांनी तीनदा मीठ मागितलं. पुढच्या मंगळवारी वैष्णवीनं मला कवठ्याला यमाईच्या देवळात नेऊन, जन्मात कधी तोंडात न घातलेल्या तंबाखूची शपथ घ्यायला लावली. नारळ माझ्या हातात आबांनीच दिला. देताना त्यांचा गाल जरा फुगलेला होता आणि ते काही बोलले नाहीत.

आता आबा गाडीत असले की एसी फुल्ल असतो, वैष्णवीची सक्त ताकीद आहे. आणि आबांच्या बाजूची काच पूर्ण खाली असते, ती माझी ताकीद आहे. गाडी ॲव्हरेज किती देते ते मला विचारू नका. स्क्रीनवर जिथं तो आकडा येतो, तिथं मी यमाईचा फोटो चिकटवून टाकलाय.