अर्ध्या ओहमचा घोटाळा

विजेचं मला काही शिकवू नका! रॉदरहॅमच्या पोलाद कारखान्यात चाळीस वर्षं वायरमन होतो मी. त्यामुळे ई-सिगारेटच्या दुकानातली टिली, "काका, कमी ओहमची कॉइल बसवलीत तर व्होल्टेज खाली आणा हं," असं म्हणाली तेव्हा मला हसूच आलं.

"पोरी, ओहमचा नियम मी तुझ्या आईच्या जन्माआधी पाठ केलाय!"

खरी सिगारेट सोडून तेरा दिवस झाले होते. एका जागी बसवत नव्हतं. जुनी दीड ओहमची कॉइल, म्हणजे आतला रस तापवणारी तार, नुसती मिळमिळीत वाफ द्यायची! म्हणून अर्ध्या ओहमची खिशात टाकली आणि बायकोबरोबर, हिल्डाबरोबर, क्लबात बिंगो म्हणजे हाउजी खेळायला गेलो.

बक्षीस होतं स्केगनेसला समुद्रकाठी एक आठवडा. खुब्याच्या ऑपरेशननंतर हिल्डा दोन वर्षं गावाबाहेर पडली नव्हती. तिला तो आठवडा हवाच होता.

"क्लिफ, पाय हलवू नकोस! टेबल हलतंय."

"नाही हलवत."

"हलवतोयस! माझा एकच आकडा राहिलाय रे!"

एकच! मला घाम फुटला. एक झुरका मारल्याशिवाय हे बघवणार नव्हतं. संडासात जाऊन कडी लावली, नवी कॉइल बसवली आणि बटण दाबलं.

आता, व्होल्टेज तेवढंच ठेवून रोध एक तृतीयांश केला तर ताकद तिप्पट होते. हे मला पक्कं ठाऊक आहे. फक्त त्या क्षणी आठवलं नाही! तव्यावर बेकन टाकावं तसं चर्रर्र झालं, घसा भाजला, आणि कस्टर्डच्या वासाचा ढग थेट छताला जाऊन भिडला. लगेच आगीची घंटा!

पाच मिनिटांत साठ म्हातारेकोतारे तिकिटं छातीशी धरून बाहेर भुरभुर पावसात उभे.

"कोण गाढव आहे हा?" हिल्डा किंचाळली.

"अगदीच गाढव!" मी तोंडावर हात धरून म्हणालो.

तेवढ्यात आकडे पुकारणारा नॉर्मन पायरीवर आला. "समितीचा नियम ऐका! घंटा कुणामुळे वाजली ते कळलं, तर डाव होता तिथून पुढे. नाही कळलं, तर हा डाव रद्द, नवी तिकिटं घेऊन पहिल्यापासून!"

हिल्डाने हातातल्या तिकिटाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. जाऊ दे अब्रू!

"मी!" मी हात वर केला. "मीच तो!"

"वर्षभर क्लबबंदी," नॉर्मन म्हणाला आणि सगळ्यांना आत घेऊन गेला.

मी भिजत खिडकीला नाक लावून उभा राहिलो. नॉर्मनने चेंडू उचलला, आकडा पुकारला.

"हाऊस!" बेरिल ओरडली. तिकीट भरलं, पण शेजारच्या टेबलावरच्या बेरिलचं!

हिल्डा काठी टेकत बाहेर आली.

"तुझ्यासाठी कबूल केलं गं," मी म्हणालो.

"गाढवा, गप्प बसला असतास तर नवा डाव नसता का मिळाला?"