चारही चाकं आणि एक खडाक

आधीच सांगून टाकतो, त्या आवाजापुढे मी हरलो नाही. आजही कोणी विचारलं, तर छाती पुढे काढून (पोट आधीच पुढे असतं) सांगेन की तो आवाज माझ्याच मेहनतीने सापडला. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, पण ही कथा ती लिहीत नाहीये.

सुरुवात एका साध्या निर्णयापासून झाली. आमच्याकडे एक जुना, दोन ओळी सीटांचा पिकअप ट्रक आहे, फोर-व्हील ड्राइव्ह. गिअरच्या दांड्याशेजारी त्याला आणखी एक बुटका दांडा आहे. तो मागे ओढला की इंजिनाचं बळ चारही चाकांना मिळतं, पुढे ढकलला की फक्त मागच्या दोघांना. ट्रक घरी आणला त्याच दिवशी मी तो दांडा चारवर ओढला आणि तिथेच ठेवला. चार चाकं असताना दोघांनी राबायचं आणि दोघांनी नुसतं सोबतीला फिरायचं, हे ऑफिसात मी वीस वर्षं बघतोय. निदान माझ्या गाडीत तरी कामचुकारपणा चालणार नाही!

महिन्याभरात खालून आवाज यायला लागला. सरळ रस्त्यावर गाडी अगदी गरीब गाय. पण इमारतीच्या फाटकातून आत वळायचं म्हटलं की स्टिअरिंग जड व्हायचं, टायर कुरकुरायचे आणि मग खालून 'खडाक!' कोणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तसा. तळमजल्यावरचे लोक माझं आगमन बघायला खिडकीत येऊ लागले.

"रोपवाटिकावाला रविवारी चार वाजता येतोय," बायकोने गुरुवारी जाहीर केलं. "त्याला कुंड्या वाहायला गाडी हवीय. तोपर्यंत आवाज गेला तर ट्रक राहील. नाहीतर त्याला देऊन टाकायचा आणि मला पार्क करता येईल अशी छोटी गाडी घ्यायची."

"माझ्या जिवंतपणी ते होणार नाही!"

"मग मेकॅनिककडे न्या."

"वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक आवाज शोधता येणार नाही?"

"अहो, तुमची नोकरी सूचना लिहायची आहे."

हे खरं आहे. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या सूचना मी लिहितो. 'लिफ्टमध्ये सहापेक्षा अधिक व्यक्तींनी चढू नये' ही माझीच. तिला पाठ टेकून रोज नऊ जण वर जातात. लोक वाचतच नाहीत हो! अगदी डोळ्यांसमोर लावलेलं वाचत नाहीत, हे माझ्या आयुष्याचं दुःख आहे. पण ते असो.

आमच्याकडे सासूबाई राहतात. तीस वर्षं शिवणकाम केलेल्या. शुक्रवारी त्या मागच्या सीटवर बसलेल्या असताना खडाक झालं. त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं.

"जावईबापू, मशीन असं आपटतं ना, तेव्हा दोष मशीनचा नसतो. चालवणाऱ्याचा असतो."

"आई, ते शिलाई मशीन. हा फोर-व्हील ड्राइव्ह आहे."

"चाक दोघांनाही असतंच की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

शनिवारी सकाळी मी जुना पायजमा चढवून ट्रकखाली शिरलो. आत शिरणं सोपं असतं. बाहेर निघताना पोट आणि गाडी यांच्यात चर्चा घडवून आणावी लागते. ग्रीसगन शेजाऱ्याची होती. खाली जो लांब दांडा इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतो, त्याच्या टोकांना सांधे असतात. त्यांना क्रॉस म्हणतात, एवढं मी व्हिडिओत पाहिलं होतं. मी एक क्रॉस धरून गदागदा हलवला. तो हलला. (खरं तर मी हललो, पण संशयाचा फायदा मी स्वतःला दिला.) मग दिसेल त्या प्रत्येक सांध्यात ग्रीस भरलं. अर्धं गाडीला लागलं, बाकीचं माझ्या भुवयांना.

"अहो, जरा ऐकता का?" वरून बायकोचा आवाज आला.

"नंतर!"

तासाभराने पुन्हा तिच्या चपला दिसल्या. "अहो, मी काय म्हणते, गाडीत एक..."

"अगं, जाणकाराला काम करू दे!"

चपला गेल्या.

रविवारी दुपारी दोन वाजता चाचणी ठरली. आवाज नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून मी मागच्या उघड्या हौद्यात पालथा पडून पत्र्याला कान लावला आणि बायकोला गाडी चालवायला सांगितली. तिने फाटकातून वळण घेतलं. शांतता! उलटं वळण घेतलं. शांतता! तिसऱ्या फेरीला तर मला पत्र्यावर डुलकी लागायची वेळ आली.

"ग्रीस!" मी हौद्यात उभा राहून ओरडलो. "सगळी ग्रीसची किमया!"

खिडकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रुबाबात खाली उतरलो, स्टिअरिंगवर बसलो, फाटकातून वळलो आणि खडाक! नेहमीपेक्षा मोठा. टाळ्या पुन्हा वाजल्या, पण आता त्यांचा सूर वेगळा होता.

फाटकाशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटून नीट ऐकलं.

पण मी खचलो नाही. विचार केला. बायको चालवते तेव्हा आवाज नाही, मी चालवतो तेव्हा आहे. फरक कशाचा? वजनाचा! तिचं अठ्ठावन्न, माझं ब्याण्णव. उजव्या बाजूला चौतीस किलोंचा जादा भार. माझा सिद्धांत पक्का झाला.

"तू चालव," मी बायकोला म्हणालो, "मी बरोबर तुझ्या पाठीमागे बसतो. भार त्याच बाजूला पडला की आवाज येतो की नाही बघ!"

"मी कुठे बसू?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही डावीकडे. तोल सांभाळायला."

बायकोने गाडी सुरू केली. मग सहज, भाजीची पिशवी बाजूला सारावी तसा, तो बुटका दांडा पुढे ढकलला. वळण झालं. एक टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

"हे काय केलंस तू?"

"दांडा दोनवर टाकला."

"मघाशीही टाकला होतास?"

"प्रत्येक वेळी. उतरताना परत चारवर ओढून ठेवते. तुमची वस्तू जिथल्या तिथे असलेली बरी."

"पण तुला सांगितलं कोणी?"

तिने डोक्यावरची ऊन अडवायची पट्टी खाली केली. तिथे माझा ऑफिसचा पार्किंग पास चिकटवलेला होता. उन्हाने त्याचा एक कोपरा सुटला होता. तिने तो वर उचलला. खाली पिवळं स्टिकर होतं. 'महत्त्वाची सूचना: कोरड्या, पक्क्या रस्त्यावर चार चाकांची जोडणी वापरू नये. वळताना ताण येऊन आवाज होतो.'

महत्त्वाच्या सूचनेवर पास मीच चिकटवला होता. चारही कोपरे नखाने दाबून.

"काल दोनदा सांगायला आले होते," बायको म्हणाली. "पण जाणकार काम करत होते."

चार वाजता रोपवाटिकावाला आला, त्याने फाटकात दोन चकरा मारल्या, गाडी त्याला फारच आवडली आणि माझा जीव टांगणीला लागला. मी बायकोकडे बघितलं. मला तो ट्रक मनापासून हवा होता हो.

"विकायचा नाही," बायको त्याला म्हणाली. तो हात हलवत परत गेला. मी तिच्यावर इतका खूश कधी झालो नव्हतो.

संध्याकाळी तिने फ्रिजवर एक कागद लावला. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, यापुढे बुटका दांडा दोनवरच राहील.' काय ती भाषा! माझ्या सहवासाचा परिणाम. मला भरून आलं. मी पेन काढलं आणि खाली झोकात लिहिलं, 'वाचले, समजले, मान्य.' सही ठोकली.

"तिन्ही मुद्दे मान्य?" बायकोने विचारलं.

"तिन्ही!"

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. मी चष्मा शोधून आणला. दोन: 'ट्रक विकला जाणार नाही.' तीन: 'ट्रक यापुढे पत्नी चालवेल. खाली सही करणाऱ्याने मागच्या सीटवर सासूबाईंशेजारी बसावे.'

हे सगळं मी त्या सीटवरूनच लिहिलंय. मी हरलेलो नाही. फक्त एवढं कबूल करतो की, फाटकाच्या वळणावरसुद्धा माझं अक्षर जराही हललेलं नाही.