ईटच्या डेअरीतली बेपत्ता म्हैस

‘संगणकाच्या पोटातला गुन्हेगार वासावरून ओळखणारा मराठवाड्यातला एकमेव गुप्तहेर’ असं अमरसिंह सरांनी स्वतःच्या कार्डावर छापून घेतलंय. छापणाऱ्यानं हरकत घेतली नाही. मी नीरजा, त्यांची मदतनीस. काम मी करते, वास ते घेतात.

ईट गावच्या दूध डेअरीत फॅट मोजणाऱ्या यंत्राची लायब्ररी सी प्लस प्लस या संगणकभाषेत लिहिलेली, तर पावती काढणारी स्क्रिप्ट पायथन या दुसऱ्या भाषेतली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नाही, म्हणून मध्ये दुभाष्यासारखी एक्स्टेन्शन फाइल लागते. जुन्या फाइलीतून पायथनला ‘गाय’ हा एकच क्लास, म्हणजे नोंदीचा प्रकार, दिसायचा. मी ‘म्हैस’ जोडली आणि नवी फाइल पेनड्राइव्हवर सेक्रेटरी कोंडीरामकाकांकडं पाठवली. ‘पोचली,’ म्हणाले. मी गाढव, तेवढ्यावर विसंबले.

आजपासून म्हशीचं दूध घ्यायचं ठरलेलं. सकाळी सातला बाया कॅन घेऊन रांगेत, टँकर नऊला निघणार, काका तुळजापूरला दर्शनाला, आणि पायथन म्हणतो, म्हैस नावाचा क्लासच नाही.

“सर, इथली फाइल जुनी की नवी, तारीख बघू?”

“तारखा कारकून बघतात, नीरजा. आपण हेतू बघतो.”

हेतू बघण्यात दोन तास गेले. सरांचा पहिला तर्क: प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर क्लासची नावं आतल्या आत बदलतो, म्हणजे म्हैस वेशांतर करून बसलीय. हा फसल्यावर दुसरा: वापरात नसलेलं सगळं मेमरीतून झाडून काढणाऱ्या पायथनच्या सफाई कामगारानं तिला बेवारस समजून उचलून नेलं. शेवटी त्यांनी माझ्याकडंच रोखून बघितलं आणि विचारलं, “तू म्हैस लिहिलीस, याला साक्षीदार कोण?”

नऊ वाजता टँकर म्हशीचं दूध न घेताच गेला. मला रडू आलं.

रांगेतल्या लक्ष्मीबाई, कोंडीरामकाकांच्या पत्नी, आत आल्या. “काय हरवलंय, पोरी?”

“पेनड्राइव्हवरची नवी फाइल चालत नाही, काकू.”

“चालंल कशी? पेनड्राइव्ह घरी देवीपुढं हाय. आज अवस. नवी वस्तू उद्या लावू म्हणले मालक.”

पेनड्राइव्ह त्यांच्या घरून आणला, हळदीकुंकू पुसून फाइल टाकली. दोन मिनिटांत म्हैस दिसली. फॅट सात पॉइंट दोन.

“अमावास्या,” सर म्हणाले. “माझा संशय होताच.”

लक्ष्मीबाई त्यांच्याकडं वळल्या. “ही पोरगी सातलाच म्हणली व्हती तारीख बघू. मी दारातच व्हते. आता एवढ्या दुधाचा खवा आटवायचा. बाया लई दमल्यात. बसा भट्टीवर, हलवा.”

सर बारापर्यंत हलवत होते. तरी खवा खाली लागला.