आधी घ्यायच्या गोळ्या

ज्ञानदाला दिवस गेले आहेत ही बातमी आयर्लंडमधल्या कॉर्कपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना कळली होती. फक्त ज्ञानदाला दिवस गेले नव्हते.

सुरुवात झाली ती गोळ्यांच्या एका पाकिटाने. २०२१चा फेब्रुवारी महिना, लॉकडाऊन कडक, त्यामुळे डॉक्टरबाई सगळं फोनवरच उरकत होत्या. "मूल हवंय ना? मग फॉलिक ॲसिड आजपासून सुरू कर. दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून. बाळाचा कणा तयार होतो तेव्हा बाईला पत्ताही नसतो. आणि तुझी साखर जरा वर आहे, वजनही. ते खाली आलं की लागा कामाला. यू विल बी ग्रँड!"

ज्ञानदाने पाकीट आणलं आणि विसरायला नको म्हणून ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी ठेवलं. कपाटात ठेवून दार लावलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. रविवारी ती साखरेच्या डब्याला फोन टेकवून, पोळ्या लाटत नागपूरच्या सासूबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. सासूबाईंना समोरच्या खुंटीवर टांगलेला स्वतःचा चष्मा सापडत नसे, पण समुद्रापलीकडचं ते पाकीट बरोबर दिसलं.

"ते काय वं, चहाच्या डब्यापाशी?"

"फॉलिक ॲसिड आहे, आई."

पलीकडे किंकाळी. "अहो मोरेश्वरराव! ऐकून राहिले का?" नवऱ्याला नावाने हाक त्या फक्त आग लागली किंवा आनंद झाला तरच मारत.

"आई, तसं काही नाहीये. ती गोळी आधी घ्यायची असते."

"आधी? पाहुणे यायच्या आधी पंगत वाढते का कोणी?"

"स्वयंपाक तर आधीच करतात ना?"

"समजलं बाप्पा, समजलं. तीन महिने सांगायचं नसते. मी कोणाले सांगून नाही राहिली."

ज्ञानदा फसली ती इथे. आपल्याकडे तीन महिने बातमी लपवायची रीत. म्हणजे 'नाही' म्हणणारी बाई गरोदर, आणि गप्प बसणारी तर नक्कीच गरोदर. जिला खरंच काही नाही तिने काय म्हणायचं, याची सोय आपल्या थोर पूर्वजांनी करूनच ठेवलेली नाही.

सासूबाईंनी कोणाला सांगितलं नाही. फक्त भिशीतल्या बायकांना सांगितलं, आणि प्रत्येकीला बजावलं की कोणाला सांगू नका. त्यातल्या एकीची भाची स्वरूपा. ही कॉर्कच्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव. दोन दिवसांत ती मास्क लावून पायरीवर हजर.

"मी नेमकी लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीत राहते, देवाचीच योजना बघ! साजूक तुपातला शिरा आहे. आता दोघांचं खायचं."

"स्वरूपाताई, अहो मी एकटीच आहे."

"हो गं हो," स्वरूपाने डोळा मारला. "आमच्या मोठ्याच्या वेळी मीपण असंच म्हणायचे."

मग मंडळाच्या व्हॉट्सॲपवर डब्यांच्या पाळ्या लागल्या. शिरा, पेढे, बदामाची खीर, खव्याच्या पोळ्या. एकीने तर बाळंतिणीचे डिंकाचे लाडू पाठवले. बाळ नाही, बाळंतपण नाही, लाडू मात्र हजर! ज्ञानदा नको म्हणायला दार उघडेपर्यंत डबा पायरीवर आणि गाडी वळणावर. तिच्या नवऱ्याच्या, सारंगच्या कंपनीतल्या उल्हासने तर जुनी कार सीटच आणून ठेवली. पोटात काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पोटात काय जावं हे मात्र एकीलाही माहीत नव्हतं. दोन महिन्यांत एका माउलीने पालकाची जुडी आणली असेल तर शपथ.

"टाकून देऊ या," ज्ञानदा म्हणाली.

"अन्न टाकू नये," सारंग म्हणाला. तो स्वतः कीटो डाएटवर होता, गोड बंद.

"मग तुझ्या आईला तरी सांग!"

"सांगितलं. ती म्हणाली, बायकोने पढवलं तुला."

सारंग औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत होता. तिथे गोळीवर धुळीचा कण दिसला तर अख्खी मशीन बंद पाडायचा. घरी आईने एकदा उडवून लावलं की तो विषयच सोडून देई.

ज्ञानदाने रोज थोडंथोडं संपवलं. एप्रिलअखेर वजन चार किलोंनी वर, आणि साखर त्याच्याही वर. डॉक्टरबाईंचा फोन आला. "सॉरी, लव्ह. अजून काही महिने थांबा."

म्हणजे जे बाळ यायचं होतं ते त्याच्याच नावाच्या शिऱ्यापायी लांबलं. ज्ञानदा न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर आली तर खिडकीबाहेरून स्वरूपा तिच्या पोटाकडे कौतुकाने बघत होती. "आता दिसायला लागलं हं!"

त्याच संध्याकाळी सारंगने लॅपटॉप पुढे केला. "आईशी दोन मिनिटं बोल ना."

पडद्यावर चाळीस चौकोन, आणि चौकोनाचौकोनात नटलेल्या बायका. मधल्या चौकोनात पैठणी नेसलेल्या सासूबाई. "ये वं, ये! चोरओटी आहे तुझी!"

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, गुपचूप भरायची ओटी. सासूबाईंनी ती झूमवर ठेवली होती.

खिडकीवर टकटक झाली, सारंगने ती उघडली. बाहेर स्वरूपा. नियमाप्रमाणे दोन मीटर लांब उभी, हातात बार्बेक्यूचा लांब चिमटा, आणि चिमट्यात शेंडीने धरलेला नारळ. "पदर पुढे कर गं, नारळ निसटतोय!"

ज्ञानदाने जीन्स घातली होती. नारळ सुटला, सारंगच्या पायावर पडला. सारंग केकाटला आणि चाळीस चौकोन म्हणाले, "अगंबाई!"

"ऐका सगळ्या!" ज्ञानदा नारळ उचलून लॅपटॉपसमोर उभी राहिली. "मी गरोदर नाही! हे पोट दिसतंय ना? हे बाळ नाही, हा स्वरूपाताईंचा शिरा आहे! फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं असतं, कळलं? साखर आधी उतरवायची असते. माझी तुम्ही चढवून ठेवलीत! आणि दोघांचं खायचं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय? सुरुवातीला बाळ शेंगदाण्याएवढं असतं, त्याला काय परातभर शिरा लागतो?"

एकेक चौकोन घाईघाईने म्यूट झाला. फक्त चैत्रालीचा राहिला. नुकतंच लग्न होऊन कॉर्कला आलेली मुलगी ती. "ताई," ती हळूच म्हणाली, "त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात का?"

"कुठल्याही फार्मसीत," ज्ञानदा धापा टाकत म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून डबे बंद. ज्ञानदा चालू लागली, डाळी-भाज्या खाऊ लागली, गोळी चुकली नाही. साखर उतरली. आणि नागपुरात सासूबाई पेटल्या. भिशी असो, देऊळ असो, नवी सून दिसली की तिला अडवून विचारत, "गोळ्या सुरू केल्या का? आधी घ्यायच्या असतात, माहीत आहे ना?" मोरेश्वररावांच्या म्हणण्यानुसार नव्या सुना आता रस्ता बदलत होत्या.

सप्टेंबरात चाचणीवर दोन रेघा उमटल्या. डॉक्टरबाईंनीही खात्री केली. ज्ञानदाने स्वतः फोन लावला.

"आई, मला दिवस गेलेत."

पलीकडे खो खो हसू. "मले बनवून राहिली का वं?"

"नाही हो, खरंच."

"मले समजते आता सगळं. गोळ्या घेऊन राहिली, त्यानं तुले तसं वाटते. घाई नको करू."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय!"

"डॉक्टर फोनवर काय पाहते? गेल्या वेळेस मी साऱ्या गावात हसं करून घेतलं, आता पुन्हा नाही. स्वरूपालेही ताकीद देते, पोट दिसलं तरी कोणी तोंड उघडायचं नाही. डबे तर अजिबात नाही. ठेवते!"

फोन कट.

"रिपोर्टचा फोटो पाठवतो मी," सारंग म्हणाला. पहिल्यांदाच त्याला आईचं म्हणणं खोडून काढायची हिंमत आली होती. "लेखी पाहिल्यावर पटेल तिला."

ज्ञानदाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"खबरदार! नऊ महिने सुखाने जेवायला मिळतंय मला."