आरसे सोडून

"अहो, गाडी इथेच लावू नि चालत जाऊ," बोळाचं तोंड बघून वसुंधरा म्हणाली, आणि जयवंतरावांनी त्याच क्षणी ठरवलं की गाडी थेट दारापर्यंत न्यायची. (बायको बोलली नसती, तर माणूस निमूट चाललाही असता.)

गाडी कोरी करकरीत होती. सीटवरचं प्लास्टिक काढायला जयवंतरावांचा अजून जीव होत नव्हता. घेताना वसुंधरानं एकच अट घातली होती: तुमच्या चुकीनं गाडी कुठे घासली, की त्या दिवसापासून चावी माझ्याकडे. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. जयवंतराव कितव्या, हा विषय घरात निघत नसे.

निर्मळ गावी जयवंतरावांच्या ऑफिसातल्या ऑगस्टीनकडे सणाचं जेवण होतं. बोळाच्या एका अंगाला केळीच्या वाडीचं कुंपण, दुसऱ्या अंगाला पाहुण्यांच्या गाड्या.

"रुंदी एक मीटर एकोणऐंशी. माहितीपत्रकात छापलीय. जागा दोन मीटर तरी आहे. साधं गणित आहे वसू!"

"आणि आरसे?"

"आरसे त्यात आलेच की!"

आरसे त्यात नव्हते. खाडकन आवाज झाला आणि एका चिमुकल्या जुन्या गाडीचा आरसा काचेसकट खाली आला. जयवंतरावांच्या गाडीला काही झालं नव्हतं, पण वसुंधरानं शांतपणे हात पुढे केला.

"चावी."

"चावी कसली? चूक माझी आहे का?"

आवाज ऐकून ऑगस्टीन बाहेर आला. मागोमाग गाडीची मालकीण, त्याची मावशी जुलियाना. शाळेतून रिटायर होऊन जमाना लोटला, तरी सगळं गाव तिला टीचरच म्हणायचं. आता माफी मागून मोकळं व्हायचं सोडून जयवंतराव भाषणाला उभे राहिले. (चावीचा प्रश्न होता!)

"टीचर, राग मानू नका, पण अशा बोळात गाडी लावायचीच कशाला? चालवणारा बिचारा चालवतोय. चूक नेहमी उभी करणाऱ्याची!"

"असं असतं होय?" टीचर विचारात पडल्या. "मला आपलं उलटंच वाटायचं. बरं झालं सांगितलंत."

टीचरांनी आपली गाडी निमूट फाटकाच्या आत घेतली. जयवंतरावांनी विजयी मुद्रेनं पुढे जाऊन ऑगस्टीनच्या फाटकाशी गाडी लावली, त्याच बोळात, आणि जेवणावर असा काही हात मारला की उठताना पट्टा दोन भोकं सैल करावा लागला.

हात धुताहेत तोच बाहेर धाडकन आवाज. धावत जाऊन बघतात तर टीचरांच्या गाडीचं बूड त्यांच्या कोऱ्या गाडीच्या नाकात!

"अहो टीचर, हे काय केलंत!"

"फाटकातून रिव्हर्स घेत होते, मागचं दिसलंच नाही. आरसा नाहीये ना!" टीचर खाली उतरल्या. "पण जाऊ दे, मी नाही रागावत. चूक उभी करणाऱ्याची. होतं असं एखाद्याकडून."

"छे छे! उभ्या गाडीला ठोकलं की चूक ठोकणाऱ्याचीच! शेंबडं पोरही सांगेल!"

बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष वसुंधराकडे गेलं. ती हसत होती.

"ठोकणाऱ्याची म्हणता? मग मघाची चूक तुमची. उभी करणाऱ्याची म्हणालात, तर आत्ताची तुमची. कुठली घेताय?"

जयवंतरावांनी गुपचूप खिशात हात घातला.

वसुंधरानं गाडी चालू केली, कुठलंसं बटण दाबलं आणि दोन्ही आरसे अलगद मिटले. (असं बटण असतं, हे जयवंतरावांना त्या दिवशी कळलं.) गाडी लोण्यातून सुरी जावी तशी मागे निघाली. निदान दिशा तरी आपण दाखवावी, म्हणून जयवंतराव कुंपणाला पाठ लावून ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, भरपूर जागा आहे!"

गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली. वसुंधरानं हॉर्न वाजवला.

फाटकातून टीचर ओरडल्या, "जयवंतराव, पोट आत घ्या! लागलं तर चूक उभं राहणाऱ्याची!"