चेनमामांचा डोंगर

"बाबा, उद्या पहिली फेरी. पुढच्या रांगेत तुम्ही," पावाला लोणी लावता लावता चिमणीने जाहीर केलं आणि चेनमामांचा चहा भलत्याच वाटेने गेला.

"अहो, हळू," मामी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "चहा काय पळून चाललाय?"

चहा पळत नव्हता. पळावंसं मामांना वाटत होतं. "मी कशाला? मालक आहेत, तपासनीस साहेब आहेत. असले मान मोठ्या माणसांना द्यायचे," ठसका आवरत ते म्हणाले.

"मान तुमचाच आहे. डोंगरावर तुमच्याइतक्या फेऱ्या कुणी मारल्यात?"

मामांनी उरलेला पाव अख्खा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता.

त्या पार्कात रोलर कोस्टरला कुणी रोलर कोस्टर म्हणत नसे. सगळे 'डोंगर' म्हणत. डोंगराची गाडी माथ्यापर्यंत ओढून न्यायची एक लांबलचक, वंगणाने काळीकुट्ट चेन होती, आणि ती चेन ज्यांच्या ताब्यात होती ते चेनमामा. चढणीच्या पोटाशी त्यांची मशीनची खोली होती. वर गाडी चढायला लागली की खालच्या दातांवर खटके पडत जायचे, खट, खट, खट. चेन तुटलीच तर गाडी मागे येऊ नये म्हणून ही सोय. पण माणसांना त्या आवाजाने जी धडकी भरायची तिच्यासाठीच ती तिकीट काढायची. गावातली अर्धी लग्नं त्या चढणीवर ठरली असावीत. ज्या पोराला एरवी मुलीशी दोन शब्द बोलायची छाती होत नसे, तो माथा जवळ आला की मरणाच्या भीतीने सगळं बोलून टाकायचा. खाली उतरल्यावर शब्द फिरवायची सोय नसायची.

शाळा सुटली की चिमणी त्या खोलीत येऊन पालथ्या खोक्यावर बसायची आणि मामा तिला डोंगराच्या गोष्टी सांगायचे. माथ्यावर गाडी क्षणभर कशी थांबते, पोटात कसा खड्डा पडतो, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी कसं मागे कानांपर्यंत जातं. चिमणीचे डोळे मोठे व्हायचे. मामांच्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा काळ होता, आणि त्यातली एकही गोष्ट खरी नव्हती.

म्हणजे गोष्टी खऱ्या होत्या, मामांच्या नव्हत्या. उतरणारी माणसं जे बोलायची ते ऐकून ऐकून मामांनी जमवलं होतं. स्वतः ते डोंगरावर एकदाही बसले नव्हते. उंचीची भीती म्हणाल तर मुळीच नाही. रोज सकाळी चेन तपासायला बाजूच्या पायऱ्यांनी ते माथ्यापर्यंत पायी जायचे. भीती होती ती सुटायची. माथ्यावर चेन गाडीला सोडते आणि पुढे तिला धरणारं कुणी नसतं, हा विचारच त्यांना सहन होत नसे. पहिल्या दिवशी मालक म्हणाले, "बसा की," तेव्हा ते म्हणाले, "चेनकडे कोण बघणार?" पुढे मालकाचा मुलगा मालक झाला तरी चेनकडे बघणंच चालू राहिलं.

आता चेनच गेली होती. मोठ्या शहरातून चिमणी इंजिनिअर होऊन परत आली आणि तिने डोंगराची चढण पाडून तिथे गाडीला एका झटक्यात पुढे फेकणारा लाँच बसवला. रुळांच्या मधोमध चुंबकांची रांग. गाडीला धक्का असा, की डोळ्याचं पातं लवेपर्यंत ती सपाटीवरून थेट माथ्याकडे. खटके नाहीत, वंगण नाही, कुणाला काही बोलायला सवडही नाही. जुनी चेन शेडमागे वेटोळं करून पडली होती. मामा रोज तिच्याकडे एक नजर टाकून यायचे, तिचं कसं चाललंय ते बघायला गेल्यासारखे.

पण आजचा प्रश्न चेनचा नव्हता. उद्या लेकीच्या शेजारी बसून तिचे बाबा किंचाळले, डोळे मिटून बसले किंवा त्याहून वाईट काही झालं, तर खोक्यावरच्या त्या सगळ्या संध्याकाळी एका फेरीत वाहून जाणार होत्या. मामांनी ठरवलं, फेरी पुढे ढकलायची. निदान महिनाभर. पुढचं पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस साहेब हजर झाले. किडकिडीत, गंभीर गृहस्थ. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं. समजा वीज गेली. समजा पाऊस आला. समजा एखाद्याने मांडीवरचा दांडा नीट ओढला नाही. "दांडा बसल्याशिवाय गाडी सुटतच नाही," चिमणी शांतपणे सांगे. डमी माणसं गाडीत बसली होती. प्लास्टिकची, पोटात पाणी भरलेली, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच बावळट समाधान. त्यांना घेऊन गाडी सकाळपासून सुसाट फिरत होती आणि काही म्हणता काही बिघडत नव्हतं.

"समजा," मामांनी साहेबांचाच शब्द उसना घेतला, "समजा माणसं जेवून आली."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"ही पाण्याची माणसं हलकी पडतात हो. पार्कात येणारी माणसं कशी असतात मी बघितलंय. दोन-दोन प्लेट खाऊन येतात, वर आइस्क्रीम. ह्यांच्या पोटात ओली वाळू भरून बघा."

मामांचा हिशेब साधा होता. वाळू मागवा, डमी उघडा, वजनं पुन्हा करा, आठवडाभराची निश्चिंती. बांधकामाची वाळू शेजारीच ढिगाने पडली आहे, हे ते साफ विसरले होते.

"फार मोलाची सूचना," साहेब खूष होऊन म्हणाले. "आत्ताच भरा."

मजूर लागले, फावडी लागली, आणि दुपारचे डबे उघडायच्या आत सगळी डमी मंडळी तट्ट जेवून आपापल्या जागी बसली. चिमणीने वडिलांकडे जरा चिंतेने पाहिलं. "बाबा, एवढ्या वजनाला जोर कमी पडेल."

"मग बरंच की," मामा बोलून गेले. "म्हणजे, आत्ता कळलेलं बरं."

गाडी सुटली. सपाटीवरून धावली, चढाला लागली, माथ्यापाशी दमली, क्षणभर तिथेच विचार करत थांबली आणि उलटी खाली यायला लागली. मालकांनी डोळ्यांवर हात घेतला. तेवढ्यात रुळांतून ब्रेकची पाती वर आली, त्यांनी गाडीला अलगद धरलं आणि ती निघाली होती तिथेच येऊन उभी राहिली. एका डमीचं बूच तेवढं उडालं आणि ओल्या वाळूची पिचकारी साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर बसली.

मामांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वरवर ते सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "होतं असं. आता दोन महिने तरी गेले. हरकत नाही, सुरक्षेच्या बाबतीत घाई नको."

"मामा," साहेब शर्ट झटकत पुढे आले आणि त्यांनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले, "तुम्ही कमाल केलीत. मुद्दाम जोर कमी करून मागे आणलेली गाडी मला सगळेच दाखवतात. चुकून मागे आलेली गाडी आजवर कुणी दाखवली नव्हती. माझा शेवटचा समजा संपला. वाळू काढा, माणसं बसवा. आत्ता."

"आत्ता?"

"आत्ता. तुम्हीच पहिले."

चिमणी वडिलांकडे अशा अभिमानाने बघत होती की मामांना रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "माझी पाठ जरा..."

"कुठली पाठ?" मामी म्हणाल्या. "काल एकट्याने कपाट हलवलंत की." डबा घेऊन त्या नेमक्या याच वेळी आल्या होत्या. असल्या वेळा बायकोलाच साधतात.

झालं. पुढच्या रांगेत मामा आणि चिमणी, मागे मामी. मालकांना अचानक महत्त्वाचा फोन आला आणि ते फोन न वाजताच बोलत बोलत दूर गेले. मामांनी दांडा मांडीवर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मागून मामींचा आवाज आला.

"असा नाही. आधी श्वास सोडा, मग ओढा. नाहीतर उतारावर बूड उचलतं."

मामा वळले. मामींनी चष्मा काढून रुमालात बांधला होता, चपला काढून फलाटावर नीट जोडीने ठेवल्या होत्या आणि केसांचा चाप दातांत धरून अंबाडा घट्ट करत होत्या. नवख्या माणसाचं हे काम नव्हतं.

"तुला काय माहीत?"

"अहो, तुम्हाला डबा देऊन झाला की एक फेरी मारूनच घरी जायचे मी. तिकीटवाली ओळखीची होती."

"रोज?"

"रोज कशाला? पावसाचं नसायचं."

एवढी वर्षं मामांच्या डोक्यावरून त्यांची बायको चढत होती आणि ते खाली बसून तिनेच दिलेली भाजी खात होते. "कधी बोलली नाहीस," ते म्हणाले. "आणि भीती नाही वाटायची?"

"कसली भीती? खाली तुम्ही असायचा. नेहमीच असायचा. गाडी तुम्ही धरलेली आहे म्हटल्यावर मी वर हात सोडून बसायचे."

मामांना आत कुठेतरी फार बरं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईटही. ती खोली गेली, तो आवाज गेला, आणि आपण काय करत होतो हे आपल्याला आज, सगळं पाडून झाल्यावर कळलं. त्यांनी डोळे पुसले. वारा अजून सुटायचा होता.

तेवढ्यात त्यांच्या मनगटावर एक हात येऊन पडला. गारठलेला आणि घामाने ओला.

"बाबा," चिमणी समोर बघतच पुटपुटली, "एक सांगू? हसू नका. मी कधी बसलेच नाहीये."

"म्हणजे?"

"कुठल्याच गाडीत नाही. बनवते मी, सगळी गणितं करते, पण बसायची वेळ आली की काहीतरी काम काढते. कुणीतरी खाली यंत्राकडे बघायला हवंच ना. लहानपणी तुमच्या गोष्टी ऐकून वाटायचं, बाबांना कशाचीच भीती नाही, मीच अशी भित्री कशी निघाले. आज तुम्ही शेजारी असाल म्हणून हो म्हटलं. नाहीतर मला जमलं नसतं."

आपली लेक कुणावर गेली आहे, हे मामांना त्या क्षणी लख्ख कळलं. खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ आली नसती. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्या गार हाताकडे पाहिलं आणि तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अगं, त्यात काय एवढं," ते म्हणाले. "मी आहे ना."

फलाटावरून विचारणा झाली, सगळे तयार का. पुढच्या रांगेतून आवाज आला नाही. मागून मामींनी खणखणीत आवाजात सांगितलं, "तयार."

त्यानंतर जे झालं ते मामांनी पाहिलं नाही. किंचाळण्याचा आवाज आला, तो आपला की लेकीचा हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. हात मात्र सुटला नाही. पाठीमागे कुणीतरी खदखदून हसत होतं, लग्नाआधी हसायचं तसं.

गाडी फलाटाला लागली. साहेब लगबगीने पुढे आले. "मामा, तुम्ही जुने जाणकार. कसं वाटलं?"

मामांचे केस उभे होते, चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. त्यांनी घसा खाकरला. "चांगलंय. पण खरं सांगू का, जुन्या चढणीची मजा नाही."

"नाहीच," पांढऱ्याफटक चिमणीने गंभीरपणे मान डोलवली. "ती मजाच वेगळी होती."

साहेबांनी आदराने दोघांकडे पाहिलं. दोघं एकमेकांच्या आधाराने उतरले आणि मामींसाठी थांबले. मामींचा दांडा अजून खालीच होता.

"तुम्ही व्हा पुढे, डबा उघडा," त्या अंबाडा पुन्हा घट्ट करत म्हणाल्या. "मी आणखी एक फेरी मारून आले."