तिप्पट भावाचं बंदर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माईंना खुर्चीत बसवून ठेवणं हा घरातला सगळ्यात अवघड प्रश्न होता, आणि तो एका व्हिडिओ गेमने सोडवला होता. गेम बंदराचा होता. टीव्हीवर समुद्र, धक्का, गोदामं दिसत. आलेली बोट धक्क्याला लावायची, माल उतरवायचा, गोदामात भरायचा आणि मागच्या बोटीला वाट करून द्यायची. माईंनी उभा जन्म पडद्याच्या कापडाचं दुकान चालवलं होतं. माल खोळंबला की त्यांचा जीव खालीवर होई. महिन्याभरात त्यांनी बंदराला अशी शिस्त लावली की त्यांना करायला काही उरलंच नाही. बोटी गुपचूप येत, गुपचूप जात, आणि माई सून भाजी कशी चिरते याच्यावर लक्ष ठेवू लागल्या.

तेव्हा सुनेनेच नवऱ्याला सांगितलं की गेमचा दुसरा भाग आजच्या आज घ्या.

नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवत असे. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत, बायकोसुद्धा. नवशिक्याने फाटकावर गाडी घातली तरी 'आता ब्रेकवर पाय ठेवा' एवढंच म्हणणारा हा माणूस. त्याने टीव्हीवर दुसऱ्या भागाची किंमत उघडली आणि आकडे पुन्हा मोजले. किंमत जास्त होती, पण तेवढ्यावर भागलं असतं. घोळ झाला तो त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला म्हणून. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. ती परदेशात राहायची. तिने सहज सांगितलं की हाच गेम तिच्याकडे एक तृतीयांश किमतीत मिळतो.

माईंना वाटलं, तो दुसरा असेल, हलक्या प्रतीचा. ताईने चित्र दाखवलं. तोच होता.

"वाहतुकीचा खर्च असेल," माई म्हणाल्या.

मास्तरांनी समजावलं की हा माल तारेतून येतो, त्याला वाहतूक नाही. मग गोदामभाडं? गोदामही नाही. मग तिप्पट कशाचे? मास्तरांना ते सांगता येईना. शेवटी त्यांनी कंपनीला विचारलं. स्क्रीनवर उत्तर आलं की आपल्या प्रदेशातील ग्राहकांची खरेदीक्षमता लक्षात घेऊन किंमत ठरवली आहे.

"माझी क्षमता मोजायला कोण आलं होतं?" माईंनी विचारलं. "आणि ताईकडे पगार आपल्या चौपट. मग क्षमता तिची कमी कशी?"

मास्तरांनी हा प्रश्न जसाच्या तसा पुढे पाठवला. कंपनीने विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का? माईंनी सांगितलं, विचार त्याला, शेवटचं काय? मास्तरांनी तेही टाइप केलं. उत्तर आलं की हा या मालिकेतला शेवटचा गेम नाही, तिसरा भाग लवकरच येत आहे.

"आई, तूसुद्धा गिऱ्हाइकाच्या पायातल्या चपला बघून भाव सांगायचीस," ताई फोनवरून म्हणाली.

"मी निदान चपला तरी बघायचे," माई म्हणाल्या. "यांनी काय बघितलं?"

यावर तोड ताईनेच काढली. खात्याचा देश बदलायचा, पत्ता तिच्या घरचा टाकायचा, पैसे तिच्या कार्डावरून भरायचे. मास्तरांना हे पटत नव्हतं. पण माईंच्या दृष्टीने आता प्रश्न गेमचा राहिला नव्हता, कुणीतरी त्यांना न बघताच गिऱ्हाईक केलं होतं. मास्तरांनी खातं उघडलं. देश बदलायचा का? हो. भाषाही बदलायची का? हो. घड्याळ त्या देशाप्रमाणे लावायचं का? मास्तर गाडीबाहेर भिडस्त माणूस, समोरून कुणी विचारलं की हो म्हणायची सवय. ते हो म्हणत गेले. घरात खातं एकच होतं, मास्तरांच्या नावाचं, आणि त्यावर टीव्ही होता, मास्तरांचा फोन होता आणि गाडीत रस्ता सांगणारी बाईही होती. हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

गेम एक तृतीयांश किमतीत आला. माईंनी चष्मा पुसला. समुद्र उजळला, बोट आली, आणि बोटीवरचा कप्तान ताईच्या देशाच्या भाषेत काहीतरी बोलला. खाली अक्षरंही त्याच भाषेतली होती. ताईने चौकशी करून सांगितलं की त्या देशात विकलेल्या गेमला त्या देशाचीच भाषा असते. माईंनी अंदाजाने एक बटण दाबलं. तेलाची पिंपं समुद्रात गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या फोनवरचं वेळापत्रक परदेशी घड्याळाने चालू लागलं. सकाळचे विद्यार्थी चौकात उभे राहून कंटाळून गेले. दुपारी एका तासाला दोन विद्यार्थी आले, आणि त्यातला एक मागच्या सीटवर बसून पुढच्याच्या चुका काढू लागला. संध्याकाळी बँकेतल्या बाईंची पाळी होती. या बाई सांगितल्याच्या बाहेर तसूभर जात नसत. मोठ्या सर्कलला आल्यावर गाडीतली रस्ता सांगणारी बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली.

"सर, काय म्हणाली ती?"

"ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "पण खात्रीने बोलतेय."

कुठे वळायचं हे स्पष्ट न झाल्याने बाई वळल्याच नाहीत. त्या सर्कलला फेऱ्या मारत राहिल्या. मास्तरांनी बाहेर काढा म्हटलं की गाडीतली बाई दुसरंच काही म्हणे, आणि बँकेतल्या बाईंना दोघांपैकी वरिष्ठ कोण ते कळेना. अखेर वाहतूक पोलिसाने गाडी थांबवून विचारलं की तुम्हाला कुठे जायचंय. मास्तरांनी खरं तेच सांगितलं, की आता आठवत नाही.

घरी येऊन त्यांनी देश परत बदलायला घेतला. देश वर्षातून एकदाच बदलता येत होता. नियमांत शिवाय असंही लिहिलं होतं की खोटा पत्ता दिल्यास खातं बंद होईल. खातं बंद म्हणजे माईंचं पहिलं बंदरही बुडालं, गोदामांसकट. मास्तरांनी मदतकेंद्राला फोन लावला. खातं परदेशी, म्हणून पलीकडचा माणूसही परदेशी भाषेत बोलू लागला. ताई कामावर गेली होती. फोनवर दुभाषी म्हणून तिची मुलगी, माईंची नात, बसली. तिचं मराठी आठवड्यातून एकदा 'आजी, कशी आहेस' म्हणण्यापुरतं होतं.

"मामा, तो विचारतो तू नक्की कुठे राहतोस."

इथे राहतो म्हणावं तर खोटा पत्ता उघड होतो, तिथे राहतो म्हणावं तर देश बदलायचं कारण उरत नाही. मास्तरांनी बराच विचार केला.

"सांग, सध्या आईकडे आलोय."

नातीने सांगितलं. "तो विचारतो, कधीपासून?"

मास्तर खोटं बोलण्यात कच्चे होते. एक खोटं झालं की दुसरं त्यांच्याकडे शिल्लक नसे.

"जन्मापासून," ते म्हणाले.

नातीने इमानाने त्याचंही भाषांतर केलं. पलीकडे कुणीतरी खोकलं, मग साहेबाला बोलावलं गेलं. साहेबाने मास्तरांना काहीही विचारलं नाही. इतकंच म्हणाला, की असे आईकडे आलेले बरेच जण त्याच्या यादीत आहेत. देश परत मिळेल, पैसेही मिळतील, गेम मात्र काढून घेतला जाईल. आठवडाभर थांबा.

त्या आठवड्यात माई स्वस्थ बसल्या नाहीत. गेम हातात होता तोवर त्या खेळत राहिल्या. कप्तान एक शब्द बोलला की बोट पुढे येते, दुसरा बोलला की मागे जाते. दुकानात चार मुलखांची गिऱ्हाइकं सांभाळलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं. शनिवारपर्यंत दोन्ही बंदरं धावू लागली. माई सुनेकडे चहा मागायच्या त्यातही अधूनमधून एखादा बंदरातला शब्द येऊ लागला.

रविवारी देश परत आला. गाडीतली बाई शुद्धीवर आली, आणि माईंसमोरचा समुद्र नाहीसा झाला. संध्याकाळी त्यांनी मास्तरांना सांगितलं, घे तिप्पट भावाने. मास्तरांनी घेतला. समुद्र उजळला. बोट आली, आणि कप्तान चक्क आपल्या भाषेत म्हणाला, "धक्का मोकळा करा, दोर सोडा."

माईंचा हात बटणावर थांबला. त्या कप्तानाकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मागची बोट पुढच्या बोटीवर आदळली.

"हा काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"आई, मराठी बोलतोय तो."

"मला नाही कळत. ते आधीचं लाव."

मास्तरांनी शोधलं. आधीची भाषा मिळत होती, पण वेगळी विकत घ्यावी लागत होती, आणि किंमत या प्रदेशासाठी खास ठरवलेली होती. मास्तरांनी ती वाचून दाखवली नाही. माईंनी ती त्यांच्या तोंडावर वाचली, आणि नातीला फोन लावायला सांगितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माईंचा फोन टीव्हीसमोर उभा केला जाई. नात तिकडून कप्तान होऊन तिच्या भाषेत हुकूम सोडी आणि माई इकडून त्याच भाषेत उलट उत्तर देत. मध्येच दोघी भांडत. चूक कुणाची ते घरात कुणालाच समजत नसे. टीव्हीचा आवाज बंद असे, त्यामुळे मराठी कप्तान नुसताच तोंड हलवत उभा राही.

एक दिवस ताईने भावाला फोन केला. आवाज काळजीचा होता.

"आईला काय झालंय रे? मी मुलीला जेवायला बोलवायला गेले, तर फोनमधून आई मलाच म्हणाली, रिकामी बोट मागे घ्या."

"मग?"

"मग काय, घेतली," ताई म्हणाली. "अजून आतल्या खोलीत उभी आहे मी. जेवण कधी वाढायचं ते तू आईला विचारतोस का?"